‘आकृतीची परवानगी जोडा’ हा शेरा परत परत का येतो, आणि तो कसा थांबवायचा

प्रबंध जमा करायला दोन दिवस उरलेले असतात आणि शेरा येतो: आकृती ३.२, ३.५ आणि ४.१ कुठून घेतल्या? किंवा लेख स्वीकारला जातो, पण प्रकाशनाआधी संपादकीय विभाग चित्रांची परवानगीपत्रं मागतो. किंवा वर्षभर वर्गात बिनबोभाट चाललेल्या स्लाइड्स खुल्या अभ्यासक्रमात चढवायला काढल्या, की लक्षात येतं, चाळीसपैकी तीस चित्रांचा ठावठिकाणा कुणालाच ठाऊक नाही. प्रसंग वेगवेगळे, पण दुखणं एकाच जागी असतं.

चित्र उतरवून घेताना आपण फक्त चित्र उतरवून घेतो. ते कुणाचं, कुठल्या पानावर होतं, कुठल्या अटींवर दिलं होतं, हे सगळं त्या पानावरच राहतं. सहा महिन्यांनी फोल्डरमध्ये ‘इमेज१२’ नावाची एक फाईल उरते आणि तिच्यावरून काहीच कळत नाही. त्यात भर म्हणजे परवानगी चित्राला दिलेली नसते, ती विशिष्ट वापराला दिलेली असते. बंद वर्गातल्या पडद्यावर चालणारं चित्र छापील पुस्तकात चालेलच असं नाही, आणि पुस्तकात जसंच्या तसं चालणारं चित्र त्यातली नावं बदलून चालेलच असंही नाही. म्हणून ‘हे चित्र वापरता येतं का?’ हा प्रश्न अर्धाच आहे. चित्र कुठे लावणार, कोण बघणार, त्यात बदल करणार का, त्या वापरातून कुणी पैसे मिळवणार का, एवढं जोडलं की त्याला उत्तर देता येतं.

फाईल आहे, पण मूळ सापडत नाही

आधीच जमलेल्या चित्रांपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांची अडचण तिथेच असते.

चित्र टिनआय या चित्रावरून शोध घेणाऱ्या संकेतस्थळावर चढवा आणि निकाल ‘ओल्डेस्ट’ या क्रमाने लावा. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: ही तारीख टिनआयला ते चित्र पहिल्यांदा कधी दिसलं याची असते, चित्र कधी तयार झालं याची नव्हे. तरीही सर्वांत जुन्या चार-पाच पानांमध्ये मूळ मालकाचा माग लागण्याची शक्यता चांगली असते. तिथे काही मिळालं नाही, तर तेच चित्र गूगल लेन्सवर टाका. कापलेल्या, आरशातल्यासारख्या उलटवलेल्या किंवा वर मजकूर चढवलेल्या प्रतींच्या बाबतीत दोन्हींचे निकाल बरेच वेगळे येतात, म्हणून एकावर थांबू नका.

मग फाईलच्या पोटातली माहिती बघा. संगणकावर फाईलचे गुणधर्म उघडले, की निर्माता, कॉपीराइट, वर्णन असे रकाने दिसतात. छायाचित्रकार आणि वृत्तसंस्था तिथे नाव आणि संपर्क भरून ठेवतात. समाजमाध्यमांवरून किंवा मेसेजिंग अॅपमधून आलेल्या चित्रात मात्र हे रकाने बहुधा रिकामे सापडतील, कारण चढवताना ही माहिती गाळली जाते. रिकामा रकाना म्हणजे ‘मालक नाही’ असा अर्थ काढू नका. कॉपीराइट मिळण्यासाठी चित्रावर खूण किंवा नाव असावंच लागतं असा नियम बर्न करार (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) मानणाऱ्या देशांत नाही. चित्र निर्माण झालं की हक्क आपोआप लागू होतो.

सगळं करूनही मूळ सापडलं नाही, तर ते चित्र सोडून द्या. हे सांगताना बरं वाटत नाही, कारण कधी कधी नेमकं तेच चित्र हवं असतं. पण ज्याचा मालकच माहीत नाही, त्याची परवानगीही घेता येत नाही आणि श्रेयही नीट देता येत नाही. अशा चित्राखाली ‘सौजन्य: इंटरनेट’ किंवा ‘स्रोत: गूगल’ लिहिणं म्हणजे कुणालाच श्रेय न देणं. गूगल चित्र दाखवतं, ते चित्र गूगलचं नसतं. पिंटरेस्टचंही तसंच.

फिल्टर लावला होता, तरी चित्र चुकीचं निघालं

गूगलच्या चित्रशोधात ‘टूल्स’ आणि मग ‘युसेज राइट्स’ मध्ये ‘क्रिएटिव्ह कॉमन्स लायसेन्सेस’ निवडता येतं. क्रिएटिव्ह कॉमन्स, थोडक्यात सीसी, म्हणजे ठरावीक अटींवर कुणालाही वापराची मुभा देणारे तयार परवाने. हा फिल्टर उपयोगाचा आहे, पण तो संकेतस्थळांनी स्वतःबद्दल दिलेल्या माहितीवर चालतो. एखाद्याने दुसऱ्याचं चित्र उचलून स्वतःच्या ब्लॉगवर ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ म्हणून लावलं, तर फिल्टर त्यालाही पास करतो. ज्याचा हक्कच नाही त्याने दिलेला परवाना पोकळ असतो, आणि तो वापरणाऱ्याला वाचवत नाही. फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर हा प्रकार नेहमी आढळतो: एकाच खात्यावर वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचे, वेगवेगळ्या वृत्तसंस्थांच्या शैलीतले, लहान आकाराचे फोटो, आणि सगळ्यांवर खुला परवाना. असं खातं दिसलं की तिथून काही घेऊ नका.

म्हणून शोध फिल्टरने सुरू करा, पण निर्णय मूळ पानावरच घ्या. खुल्या परवान्यांची चित्रं एकत्र शोधायला ओपनव्हर्स सोयीचं आहे. पूर्वी ते ‘सीसी सर्च’ होतं, २०२१ मध्ये वर्डप्रेस प्रकल्पाकडे आलं. तेही फक्त वाटाड्या आहे. निकालावर क्लिक करून मूळ पानापर्यंत जायचंच.

विकिमीडिया कॉमन्स (विकिपीडियाचं खुलं चित्रभांडार) इतरांपेक्षा बरंच भरवशाचं, कारण तिथे ‘व्यावसायिक वापर नको’ किंवा ‘बदल नको’ अशा अटींची चित्रं घेतच नाहीत, आणि स्वयंसेवक संशयास्पद फाईली हटवत असतात. पण इथे एक सापळा आहे. विकिपीडियातलं प्रत्येक चित्र कॉमन्सवरचं नसतं. इंग्रजी विकिपीडिया चित्रपटांची पोस्टरं, पुस्तकांची मुखपृष्ठं, बोधचिन्हं वगैरे ‘फेअर यूज’ (परवानगीविना मर्यादित वापराची अमेरिकी सवलत) या सबबीखाली स्वतःकडे ठेवतो. ती सबब त्या लेखापुरती असते, तुमच्या प्रबंधाला ती लागू होत नाही. चित्रावर क्लिक करा, तपशिलाचं पान उघडा आणि फाईल कॉमन्सवर आहे की स्थानिक विकिपीडियावर, हे बघून घ्या. ‘नॉन-फ्री’ असा शब्द दिसला की मागे फिरा.

अनस्प्लॅश, पिक्सेल्स, पिक्साबे या मोफत फोटोंच्या स्थळांबद्दलही गोंधळ होतो. अनस्प्लॅश २०१७ पर्यंत आणि पिक्साबे २०१९ पर्यंत सीसी झीरोखाली (म्हणजे हक्क सोडून) चित्रं देत असत. आता या सगळ्यांचे स्वतःचे परवाने आहेत. ते उदार आहेत, श्रेयाची सक्तीही नाही, पण ते क्रिएटिव्ह कॉमन्स नव्हेत. त्यामुळे प्रकाशकाच्या फॉर्ममध्ये ‘सीसी झीरो’ असं ठोकून देऊ नका. परवान्याचं खरं नाव लिहा. शिवाय सजावटीच्या चित्रासाठी ही ठिकाणं ठीक, वैज्ञानिक पुराव्यासाठी नाहीत. ‘जिवाणू’ म्हणून चढवलेलं रंगीत चित्र प्रत्यक्षात संगणकाने घडवलेलं असू शकतं.

परवाना आहे, पण वापर त्यात बसत नाही

क्रिएटिव्ह कॉमन्सचे सहा परवाने चार अटींच्या जुळणीतून होतात. बाय म्हणजे श्रेय द्या. एसए म्हणजे बदललेली कृती त्याच परवान्याखाली द्या. एनसी म्हणजे व्यावसायिक वापर नको. एनडी म्हणजे बदललेली कृती इतरांना देऊ नका. सीसी झीरो वेगळा; त्यात निर्मात्याने शक्य तेवढे सगळे हक्क सोडलेले असतात.

मराठीत शिकवणाऱ्यांना सगळ्यात जास्त अडवतो तो एनडी. पेशीची किंवा हृदयाची सुंदर आकृती मिळते, नावं इंग्रजीत असतात, ती खोडून मराठीत लिहायची असतात. आकृतीतल्या मजकुराचं भाषांतर म्हणजे बदललेली कृती. एनडी परवान्याच्या ४.० आवृत्तीत तुम्ही ती स्वतःपुरती करू शकता, पण विद्यार्थ्यांना वाटू किंवा प्रसिद्ध करू शकत नाही. यावर दोन मार्ग आहेत. मूळ आकृती हात न लावता ठेवा आणि खाली चित्रओळीत मराठी शब्दसूची द्या: इंग्रजी नाव जसं आकृतीत आहे तसं, आणि त्यापुढे मराठी संज्ञा. किंवा, आणि हा मार्ग नेहमीच चांगला, एनडी नसलेली आकृती शोधा. कॉमन्सवर अनेक आकृत्या एसव्हीजी (रेषांनी बनलेली, दुरुस्त करता येणारी फाईल) स्वरूपात असतात. त्यात नावं चित्राचा भाग नसतात, बदलता येणारा मजकूर असतात. शोधताना विषयाच्या इंग्रजी नावापुढे ‘ब्लँक’ किंवा ‘अनलेबल्ड’ हा इंग्रजी शब्द जोडला, तर नावं नसलेली प्रतही बऱ्याचदा मिळते.

एसव्हीजी इंकस्केप या चित्र काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडून मराठी नावं घातली, की पुढची अडचण येते ती जोडाक्षरांची. तुमच्या संगणकावर ‘केंद्रकद्रव्य’ नीट दिसतं, छापखान्यात किंवा संपादकाकडे तोच फाँट नसतो आणि ‘द्र’ फुटून ‘द्‌र’ होतो, नाहीतर जागी चौकोन येतात. दोन प्रती ठेवा. एकीत मजकूर मजकूरच राहू द्या, पुढे दुरुस्तीला ती लागते. दुसरीत सगळी नावं निवडून ‘पाथ’ मेनूतल्या ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ ने रेषांमध्ये बदला आणि तीच बाहेर पाठवा. मूळ आकृती बाय-एसए असेल, तर तुमची मराठी प्रतही बाय-एसए किंवा त्याला जुळणाऱ्या परवान्याखाली द्यावी लागते. शक्य असेल तर ती कॉमन्सवर चढवा. पुढच्या शिक्षकाचे दोन तास वाचतील. मराठीत नावं असलेल्या चांगल्या आकृत्यांचा तुटवडा खरा आहे, आणि तो असाच एकेक फाईल करून भरतो.

एसएबद्दल एक गैरसमज मुद्दाम दूर करायला हवा. स्लाइडवर बाय-एसए चित्र जसंच्या तसं ठेवलं, तर पूर्ण सादरीकरण बाय-एसए होत नाही. ते संग्रहातलं एक चित्र ठरतं, अट त्या चित्रापुरती. पण दोन चित्रं एकात एक मिसळून नवं चित्र केलं, तर त्या नव्या चित्राला अट लागते. त्यातलं एक बाय-एसए आणि दुसरं बाय-एनसी-एसए असेल, तर ते मिश्रण प्रसिद्धच करता येत नाही, कारण दोन्ही अटी एकाच वेळी पाळणं अशक्य. रंगीत कोलाज करण्याआधी हे तपासा.

एनसीमध्ये कोण वापरतं यापेक्षा कशासाठी वापरतं याला महत्त्व आहे. शुल्क घेणाऱ्या संस्थेतला शिक्षक वर्गात एनसी चित्र दाखवत असेल, तर सहसा अडचण नसते. तेच चित्र विक्रीच्या पुस्तकात गेलं किंवा जाहिराती लागणाऱ्या व्हिडिओत गेलं, की प्रश्न उभा राहतो. प्रबंधाचं पुढे पुस्तक करायचा विचार असेल, तर एनसी चित्रं सुरुवातीपासूनच टाळलेली बरी. शेवटच्या टप्प्यावर पंधरा आकृत्या बदलण्याचं काम फार जिवावर येतं.

संशोधन लेखातली आकृती

‘लेख फुकट वाचता येतो, म्हणजे आकृतीही घेता येते’ ही चूक सर्रास होते. पबमेड सेंट्रल या वैद्यकीय-जैविक लेखांच्या भांडारातले सगळे लेख वाचायला मोकळे आहेत, पण त्यांतले बरेच कॉपीराइटखालीच असतात. पुनर्वापराची मुभा ‘ओपन अॅक्सेस’ उपसंचातल्या लेखांना, तीही ज्याच्या त्याच्या परवान्यानुसार. आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावरच्या बहुसंख्य पूर्वप्रतींवर (नियतकालिकात छापण्याआधीच्या लेखांवर) फक्त वितरणाचा परवाना असतो, जो आर्काइव्हला लेख दाखवू देतो, तुम्हाला आकृती छापू देत नाही. सारांशाच्या पानावर ‘व्ह्यू लायसेन्स’ चा दुवा असतो, तो उघडून बघा.

लेख सीसी बाय असला तरी हवी ती आकृती त्यातलीच आहे ना, हे चित्रओळीत वाचा. लेखकांनी ती तिसऱ्याकडून परवानगीने घेतली असेल, तर चित्रओळीत तसं लिहिलेलं असतं आणि लेखाचा परवाना त्या एका आकृतीला लागू होत नाही. अशा वेळी आणखी एक पायरी मागे जाऊन मूळ लेखाकडे जावं लागतं.

कॉपीराइटखालच्या लेखासाठी लेखकाला ईमेल करणं सौजन्याचं आहे, पण पुरेसं नाही. लेखकाने हक्क प्रकाशकाला दिलेला असेल, तर परवानगी प्रकाशकच देऊ शकतो. हे स्वतःच्या लेखालाही लागू पडतं: तुमचीच आकृती, पण करारावर सही करून दिलेली. प्रबंधात ती वापरायला बरेच प्रकाशक करारातच मुभा देतात; तो करार शोधून ती ओळ वाचा आणि जपून ठेवा.

परवानगी मिळवायची रीत सोपी आहे. लेखाच्या पानावर ‘परमिशन्स’ किंवा ‘राइट्स अँड परमिशन्स’ असा दुवा असतो. बऱ्याच प्रकाशकांचा तो कॉपीराइट क्लिअरन्स सेंटरच्या राइट्सलिंक या परवानगी-सेवेकडे नेतो. तिथे वापराचा प्रकार (प्रबंध, लेख की पुस्तक), पूर्ण लेख की आकृत्या, किती आकृत्या आणि त्यांचे क्रमांक, छापील की डिजिटल, भाषा, ही माहिती भरायची. प्रबंधासाठी शुल्क अनेकदा शून्य असतं, पण मागणी नोंदवावी लागते. शेवटी क्रमांक असलेलं परवानापत्र मिळतं. ते पीडीएफ उतरवून घ्या. भाषेच्या रकान्यात चूक करू नका. मराठीत नावं बदलून वापरणार असाल, तर ‘भाषांतर’ किंवा ‘रूपांतर’ स्पष्ट निवडा, नाहीतर परवानगी जसंच्या तसं छापण्यापुरतीच राहते.

वैज्ञानिक प्रकाशकांच्या एसटीएम संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांवर सही केलेले प्रकाशक एकमेकांच्या एका लेखातून तीनपर्यंत आकृत्या विनाशुल्क वापरू देतात. तुमचा प्रकाशक आणि मूळ प्रकाशक दोघंही यादीत असले पाहिजेत, आणि काहींना आधी कळवावं लागतं. संपादकाला थेट विचारा. कित्येक परवानग्यांचं काम इथेच संपतं.

जिथे दुवाच नाही, तिथे पत्र लिहावं लागतं. त्यात आकृतीचा क्रमांक, लेखाचा डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक), तुमच्या कामाचं शीर्षक, कुठे आणि किती काळ प्रसिद्ध होणार, आणि कोणते बदल करणार, हे सगळं हवं. उत्तराला आठवडे लागतात, म्हणून जमा करण्याच्या तारखेच्या ६ ते ८ आठवडे आधी पाठवा. उत्तर न येणं म्हणजे होकार नव्हे.

आणि आकृती ‘पुन्हा काढली’ तर? माहिती आणि आकडे यांवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. लेखातल्या तक्त्यातले आकडे घेऊन स्वतःचा आलेख काढलात, अक्ष आणि मांडणी तुमची असली, तर चित्रओळीत आकड्यांचा स्रोत देणं पुरतं. पण मूळ आकृतीवर पारदर्शक थर ठेवून रेषा गिरवल्या आणि रंग बदलले, तर ती प्रतच झाली. ‘अॅडॅप्टेड फ्रॉम’ हे शब्द लिहिल्याने परवानगीची गरज संपत नाही. उलट, रूपांतर केल्याची ती लेखी कबुली असते.

‘जुनं आहे, म्हणजे मोकळं आहे’

कॉपीराइटची मुदत चित्राच्या वयावरून मोजायची नसते, बहुतेक देशांत ती निर्मात्याच्या मृत्यूपासून मोजतात. बर्न कराराची किमान मर्यादा मृत्यूनंतर ५० वर्षं. भारतात ६०, युरोपीय संघात ७०. पिकासोचं ‘गेर्निका’ १९३७ चं, पण तो वारला १९७३ मध्ये. म्हणजे ७० वर्षांच्या नियमाने ते २०४४ च्या १ जानेवारीला मोकळं होईल. अमेरिकेत जुन्या प्रकाशित कृतींना प्रकाशनापासून ९५ वर्षं असा वेगळा हिशोब आहे. तुमचं काम जिथे प्रसिद्ध होणार, तिथला नियम लावायचा.

चित्रकार शतकांपूर्वी वारला असेल, तर चित्र मोकळं, पण त्याच्या छायाचित्राचं काय? सपाट चित्राच्या तंतोतंत छायाचित्राला नवा हक्क मिळत नाही, असं अमेरिकेतल्या न्यायालयाने १९९९ च्या ब्रिजमन खटल्यात म्हटलं आणि युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाचंही तेच धोरण आहे. मूर्ती आणि वास्तू यांना मात्र हे लागू नाही. तिथे कोन, प्रकाश, चौकट छायाचित्रकार निवडतो, म्हणून मूर्ती हजार वर्षांची असली तरी फोटोला हक्क असतो. कलेतिहासाच्या प्रबंधांमध्ये सगळ्यात जास्त शेरे येतात ते याच ठिकाणी.

वाद टाळायचा तर संग्रहालयाच्या स्वतःच्या खुल्या संग्रहातून घ्या. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम (मेट) २०१७ पासून आणि स्मिथसोनियन २०२० पासून लाखो चित्रं सीसी झीरोखाली देतात. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधूनही मोठ्या आकाराच्या फाईली मिळतात. होकुसाईची ‘कानागावाची लाट’ एखाद्या चित्रविक्रीच्या स्थळावर शुल्कासह दिसेल, तीच मेटच्या पानावर मोफत आणि परवान्यासह मिळते. फक्त वस्तूच्या पानावर ‘पब्लिक डोमेन’ (हक्कमुक्त) किंवा ‘ओपन अॅक्सेस’ ची खूण आहे का, हे बघा. संग्रह खुला असला तरी त्यातली प्रत्येक वस्तू खुली नसते.

युरोपियाना आणि डिजिटल पब्लिक लायब्ररी ऑफ अमेरिका या अनेक संग्रहांच्या एकत्रित शोधस्थळांवर ‘राइट्सस्टेटमेंट्स’ ची हक्कांबद्दलची ठरावीक विधानं दिसतात. ती परवाने नाहीत, स्थितीचं वर्णन आहे. ‘कॉपीराइट नॉट इव्हॅल्युएटेड’ याचा अर्थ कुणी तपासलेलं नाही, एवढाच. तो होकार समजू नका.

‘शिक्षणासाठी आहे’ म्हटलं की चालतं का?

काही प्रमाणात चालतं, आणि ती सवलत खरी आहे. भारताच्या १९५७ च्या कायद्यातलं कलम ५२ शिकवण्याच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतींना वाट देतं, युरोपचा २०१९ चा निर्देश संस्थेच्या बंद प्रणालीतल्या अध्यापनाला देतो, अमेरिकेत हेतू, कृतीचं स्वरूप, घेतलेला भाग आणि बाजारावरचा परिणाम हे चार घटक तोलतात. सगळीकडचा समान धागा असा: वर्तुळ जेवढं बंद आणि चित्राचा अभ्यासाशी संबंध जेवढा घट्ट, तेवढी बाजू भक्कम. ज्या चित्रावर चर्चा चालली आहे ते दाखवणं वेगळं आणि शीर्षकाच्या स्लाइडला शोभा आणायला कुणाचा तरी सूर्यास्त लावणं वेगळं. ‘दहा टक्क्यांपर्यंत चालतं’ असले ठोकताळे चित्रांबाबत निरुपयोगी आहेत, कारण चित्र बहुधा पूर्णच घेतलं जातं.

लॉगिनमागची स्लाइड सार्वजनिक दुव्यावर गेली की सवलतीचा आधार बराच पातळ होतो. म्हणून एकाच सादरीकरणाच्या दोन प्रती ठेवा: वर्गाची आणि जगाला दाखवायची. दुसरीत शंकास्पद चित्राच्या जागी त्याच्या मूळ पानाचा दुवा द्या. दुवा द्यायला परवानगी लागत नाही.

चित्रात ओळखू येणारी माणसं असतील, तर कॉपीराइटखेरीज त्यांच्या संमतीचा प्रश्न असतो. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना छायाचित्रकाराचा हक्क मोकळा करतो, फोटोतल्या माणसाचा नाही. रुग्ण आणि लहान मुलं यांच्या बाबतीत परवाना खुला असला तरी लेखी संमतीची खात्री नसेल, तर चित्र वापरू नका. डोळ्यांवर काळी पट्टी मारल्याने ओळख लपतेच असं नाही.

पुढे हा शेरा येऊच नये म्हणून

चित्र उतरवतानाच, त्याच मिनिटाला, एका तक्त्यात ओळ भरा: फाईलचं नाव, निर्माता, शीर्षक, मूळ पानाचा पूर्ण पत्ता, परवान्याचं नाव आणि आवृत्ती, उतरवल्याची तारीख, केलेले बदल. चित्राचा थेट पत्ता नको, ज्या पानावर परवाना लिहिला आहे त्याचा हवा. मग तेच पान वेबॅक मशीन या वेबपानं जपणाऱ्या संग्रहामध्ये ‘सेव्ह पेज नाऊ’ ने साठवा. फ्लिकरवर मालक उद्या परवाना बदलून ‘ऑल राइट्स रिझर्व्ह्ड’ करू शकतो. दिलेला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना परत घेता येत नाही, पण तो तेव्हा होता हे दाखवायची वेळ तुमच्यावर येते, आणि साठवलेलं पान तेव्हा कामी येतं.

त्याच वेळी ‘ओरिजिनल फाईल’ उतरवा, शोधनिकालातलं लघुचित्र नको. छपाईत ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १७ सेंटिमीटर रुंदीला सुमारे २००८ पिक्सेल लागतात, ८.५ सेंटिमीटरला सुमारे १००४.

श्रेयाची ओळ तक्त्यावरून आपोआप तयार होते. नासाने प्रसिद्ध केलेला पृथ्वीचा पूर्ण फोटो घ्या. मूळ छायाचित्रात दक्षिण ध्रुव वर आहे. आपण पाहतो ती प्रत बहुधा फिरवलेली असते. त्याची चित्रओळ अशी होईल:

आकृती २. पृथ्वी, अपोलो १७ यानातून, ७ डिसेंबर १९७२. छायाचित्र: नासा, क्रमांक एएस१७-१४८-२२७२७. पब्लिक डोमेन. बदल: दक्षिण ध्रुव खाली येईल असं फिरवलं, कडा कापल्या.

पब्लिक डोमेनला श्रेयाची कायदेशीर सक्ती नसते, पण संशोधनात स्रोत द्यावाच लागतो. सीसी परवान्याच्या चित्रात निर्मात्याचं नाव, मूळ पानाचा आणि परवान्याचा दुवा या गोष्टी सक्तीच्या आहेत, ४.० आवृत्तीत केलेला बदलही सांगावा लागतो. ३.० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत दिलेलं शीर्षकही लिहावं लागतं, म्हणून ते नेहमीच लिहिलेलं सोपं पडतं. स्लाइड्समध्ये श्रेय चित्राखालीच लहान अक्षरात द्या. शेवटच्या स्लाइडवर एकत्र यादी दिली, तर एखादी स्लाइड वेगळी काढून दुसरीकडे नेली की श्रेय मागे राहतं.

नोटीस आलीच तर

घाबरून लगेच पैसे भरू नका आणि पत्र बाजूलाही टाकू नका. चित्र सार्वजनिक पानावरून काढा, पण फाईल, तक्त्यातली नोंद आणि साठवलेलं पान जपा. नोटीस पाठवणाऱ्याकडे हक्क कुणाचा याचा पुरावा आणि नेमकं कोणतं पान, हे लेखी मागा. मग परवाना तपासा. चूक श्रेयाच्या ओळीतली असेल आणि परवाना सीसी ४.० असेल, तर चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत ती सुधारली की परवाना आपोआप पुन्हा लागू होतो. मधल्या काळाबद्दलचा दावा मात्र त्याने मिटत नाही. आधीच्या आवृत्त्यांत ही सोय नाही, म्हणून तक्त्यात आवृत्तीचा रकाना हवाच. रकमेची मागणी असेल, तर उत्तर देण्याआधी संस्थेच्या ग्रंथपालांना किंवा विधी विभागाला कागद दाखवा, आणि नोटीस मिळाल्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा.